संध्याकाळी एकट्याने गोल्फ खेळतो, त्यावर दारू सुटली आहे. घरच्यांना धास्ती वाटते. चुकतंय का माझं?

खालचा पाट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वय ५४, गुहागर. २२ वर्षं बोटीवर होतो, टँकरवर पंपमन. शेवटच्या बोटीवर श्वासाची तपासणी झाली, आकडा वर आला आणि पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवलं. मग दोन वर्षं घरात बसून प्यायलो. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. परवा चौदा महिने पुरे झाले.

गोल्फ कुठून आला ते सांगतो. जपानात एका बंदराजवळ जुन्या सामानाच्या दुकानात सात नंबरची आयर्न, म्हणजे गोल्फची काठी, स्वस्तात मिळाली होती, ती पंधरा वर्षं माळ्यावर पडून. केंद्रातून आल्यावर आठव्या दिवशी मी माळ्यावर चढलो तो लपवलेली बाटली शोधायला. खरं तेच लिहितो. बाटली बायकोने आधीच काढली होती. ही काठी हाताला लागली, ती घेऊन तसाच समुद्रावर गेलो.

तेव्हापासून ओहोटीला जातो. ओल्या घट्ट वाळूवर गोल्फच्या खड्ड्यांऐवजी टाचेने नऊ रिंगणं काढतो, अंतर पावलांनी मोजतो, सगळ्यात लांबचं १२० पावलं. तीन बॉल आहेत, मुलीच्या नेलपॉलिशने नारिंगी केलेले, कारण पांढरा बॉल फेसात दिसत नाही. तीन नेले की तीन परत आणायचे, समुद्राला एकही द्यायचा नाही. सुरूच्या बाजूची कोरडी वाळू टाळतो, थंडीपासून तिथे कासवं अंडी घालायला येतात. पर्यटक असले तर असगोलीच्या दिशेने चालत जातो, आणि माणूस टप्प्यात असेल तोवर काठी उचलतच नाही.

नियम ऐकले ते बोटीवरच्या एका स्कॉटिश चीफ इंजिनिअरकडून. त्यातला एक डोक्यात बसलाय. मारायच्या इराद्याने काठी फिरवली आणि बॉलला लागलीच नाही, तरी तो फटका मोजायचा. फटके जितके कमी तितकं चांगलं, म्हणून तो लपवायचा मोह होतो.

कार्तिकी पौर्णिमेला सगळं गाव देवळात त्रिपूर पाजळायला गेलं होतं. मी किनाऱ्यावर. चौथ्या रिंगणाला सात फटके लागले आणि मी कार्डावर सहा लिहिले. आसपास चिटपाखरू नाही, पैज नाही, कुणाला दाखवायचं नाही, तरी सहा. तिथेच खाली बसलो. बायकोला मी वीस वर्षं असंच सांगत आलो होतो, "दोनच घेतले." तेच बोट, तोच आकडा कमी करणं. सहाचे सात केले, घरी जाऊन तिला कार्ड दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. कार्ड मात्र देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलंय तिने.

आता अडचण. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो, तिथले जुने लोक बजावतात, एकटा राहू नकोस. बायको साडेसात वाजले की फाटकाशी येऊन उभी राहते. मला तर दिवसातला तेवढाच वेळ डोक्यात दारू नसते. दुसरी अडचण समुद्राची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते हे किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट, सहा. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला संध्याकाळी वाळूच वाळू, आणि अष्टमी-नवमीला नेमकं माझ्या पिण्याच्या वेळेला पाणी वर. गेल्या दोन महिन्यांत दोनदा पाय दुकानाच्या वाटेला लागले होते, दोन्ही वेळा अष्टमीच्या आसपास. एकटं खेळणं थांबवू का? आणि त्या दिवसांचं काय करू?

कलमबाग

दादा, मी देवगडचा. अकरा वर्षं झाली सोडून. आंब्याच्या राखणीला खोपीत एकटाच राहायचो आणि राखण कसली, पीत बसायचो. वानर आंबे खाऊन जायचे तरी शुद्ध नसायची. सोडल्यावर पहिली दोन वर्षं मी खोपीत रात्री राहिलो नाही. आता राहतो. फरक एवढाच की मी कुठे आहे हे आता तीन जणांना माहीत असतं. तेव्हा कुणालाच नसायचं आणि ते मी मुद्दाम करायचो.

म्हणून तुम्हाला विचारतो, बायकोला जागा आणि वेळ सांगून जाता का? पाचव्या रिंगणावर एक फोन करता येईल का, तिला किंवा मीटिंगमधल्या कुणाला? आणि पोटात काहीतरी टाकून जा. मीटिंगमध्ये चार गोष्टी सांभाळायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. मला चौघांत भूक सगळ्यात जास्त फसवते. चार वाजता पेजेचं भांडं समोर घेतलं की माझी संध्याकाळ निम्मी सोपी होते.

एक गोष्ट मी नव्या माणसाला नेहमी सांगतो. १९३५ साली मे महिन्यात अमेरिकेत अ‍ॅक्रन गावच्या हॉटेलात बिल विल्सन एकटा उभा होता. दारू सोडून पाचेक महिने झालेले, धंद्याचं काम फसलेलं, समोर बार. त्याने लॉबीतला फोन उचलला आणि दुसरा दारुडा शोधून काढला. ते डॉ. बॉब स्मिथ. डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली तो १० जून अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे या मीटिंगा चालवणाऱ्या संघटनेचा, स्थापनादिन धरतात. त्याला तेव्हा लागला तो एक फोन. तुमच्या खिशात आहेच.

अंगणातली तुळस

मी दापोलीकडची. पिणाऱ्याची बायको आहे, म्हणून तुमच्या बायकोच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे दोन वर्षं झाली बंद होऊन. तरी अंधार पडला आणि हे आले नाहीत की माझ्या पोटात खड्डा पडतो. संशय नसतो हो तो. शरीराला सवय लागलेली असते. फाटकाशी ती उभी राहते याचा राग मानू नका.

तिला एकदा बरोबर न्या. खेळायला नाही, नुसतं वाळूवर बसायला. रिंगणं कशी काढता, बॉल कसे मोजून आणता, ते तिने डोळ्यांनी पाहिलं की साडेसात वाजता तिच्या डोळ्यांसमोर गुत्ता येणार नाही, ती रिंगणं येतील. आणि आल्या आल्या तिच्याजवळ जाऊन बोला. आम्ही वास घेतो, ते आम्हालाही आवडत नाही. तुम्ही आपणहून जवळ आलात तर ते करावं लागत नाही.

हे वाचून कुणी उद्यापासून एकदम सोडून काठी घेऊन निघेल, त्याच्यासाठी. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जातो. आमच्या ह्यांना दुसऱ्या रात्री फिट आली होती. तेवढे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीतच काढा. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी सरकारी फोन नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

पहाटेचा गडी

काका, मी मूळ राजापूरचा, नोकरीला पुण्यात. क्लबात खेळायचो. अठरा होल, म्हणजे खड्डे, खेळून झाले की क्लबच्या बारला लोक एकोणिसावा होल म्हणतात, आणि चौघांत खेळलं की तिथे बसणं आलंच. माझं पिणं तिथे वाढलं. सोडल्यावर खेळ सोडवेना, म्हणून पहाटे पहिल्या वेळेला एकटा खेळतो आणि अठराव्यावरून थेट गाडीत बसतो. त्यामुळे एकट्याने खेळू नका असं मी तरी म्हणणार नाही. माझ्यासाठी सोबतच धोक्याची होती.

तुमच्या सहा-सातवरून आठवलं. १९२५ च्या यूएस ओपन या गोल्फच्या स्पर्धेत बॉबी जोन्स या खेळाडूचा बॉल गवतात किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःहून दंडाचा एक फटका अंगावर घेतला, त्यामुळे बरोबरी झाली, आणि जादा फेरीत तो एका फटक्याने हरला. तुमचं ते कार्ड जपून ठेवा काका.

खालचा पाट

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

अमावास्येला बायको आली होती. शेवटच्या रिंगणाला तिने स्वतः काठी घेतली, दोनदा हवेत गेली, तिसऱ्यांदा लागली. मी म्हटलं एक, ती म्हणाली तीन लिहा. आता निघताना तिला सांगतो आणि पाचव्या रिंगणावरून फोन करतो. पेजही खाऊन जातो.

कॅलेंडरवर अष्टमी-नवमीला तिने लाल पेनने गोल केलेत. त्या दोन संध्याकाळी चिपळूणला मीटिंगला जायचं ठरवलंय. दोन तास जायला, दोन तास यायला, म्हणजे पिण्याची वेळ गाडीतच सरते. दशमीला अजून उपाय नाही, साडेसातला भरती असते. कलमबागवाल्या दादांना फोन करायचं ठरलंय.

आज अष्टमी. पावणेचारची एसटी आहे, निघतो.