बाबा उठून उभे राहिले की चक्कर, बीपी मात्र नॉर्मल. मदत हवी आहे

खाडीकाठ: लवकर कोणीतरी सांगा. बाबांना उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते, काल पहाटे पडवीत पडले. घरच्या मशीनवर बीपी नॉर्मल. डॉक्टर ऑटोनॉमिक नर्व्हचा प्रॉब्लेम म्हणाले, म्हणजे मेंदूत काही आहे का? एमआरआयला गोव्याला नेऊ का? वेंगुर्ल्याजवळ राहतो, गाडी आजच ठरवायची आहे.

सडेवाला: वय? शुगर? बीपी झोपून घेता की बसून? डोकं आपटलं का, रक्त पातळ करायची गोळी आहे का? असेल तर आधी दवाखाना गाठा.

रापण: ता पित्तच असतला, दुसरा काय नाय. रोज वाटीभर सोलकढी दे तेंका.

खाडीकाठ: ७१. शुगर आहेच, खूप वर्षं झाली. डोक्याला नाही लागलं, ती गोळीही नाही. बीपी खुर्चीत बसवून घेतो, तसंच घेतात ना.

सडेवाला: तिथेच अडलंय. आधी ५ मिनिटं आडवं झोपवून घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी, नाडीसकट. आणि उभं राहताना कोणीतरी धरा.

कलमबाग: बागेत फवारणी चालू आहे का? आमच्याकडे एका गड्याला फवारताना घाम, लाळ, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, अॅट्रोपिन (फवारणीच्या विषावरचं औषध) द्यावं लागलं. तेही याच नसांचं असतं.

सडेवाला: नसा त्याच, पण ते विषबाधेचं, तिथे एक मिनिट थांबायचं नाही. इथे नुसतं उभं राहिल्यावर होतंय.

खाडीकाठ: बाग नाही आमची! झोपून १४०/८०, नाडी ७६. उभं राहून ३ मिनिटांनी १०५/६८, नाडी ७९.

सडेवाला: वरचं २० किंवा खालचं १० उतरलं तरी ते ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन, म्हणजे उभं राहिल्यावर बीपी उतरणं. उभं राहिलं की अर्धा लिटरच्या वर रक्त पाय-पोटाकडे उतरतं, मानेतल्या धमनीतले सेन्सर मेंदूच्या बुंध्याला कळवतात, तिथून सिम्पथेटिक नसा (डॉक्टर म्हणाले त्या ऑटोनॉमिक, म्हणजे आपोआप चालणाऱ्या नसांपैकीच) रक्तवाहिन्या आवळतात, नाडी वाढवतात, सगळं काही सेकंदांत आणि आपल्याला न विचारता. बाबांचं बीपी ३५ ने उतरलं आणि नाडी फक्त ३ ने वाढली. निरोप पोचत नाहीये. जुन्या शुगरने या नसा खराब होतात.

रापण: मग मीठ वाढवा, लिंबू-मीठ-पाणी.

पाणंद: अजिबात नाही, आडवं असताना १४० आहे, डॉक्टरांना न विचारता मीठ नको. उठण्याआधी पाणी, पोटऱ्या आवळायच्या, काठावर बसून मग उभं. माझ्या आईला याचाच फरक पडला.

सडेवाला: बाकी गोळ्या कुठल्या? प्रोस्टेटची?

खाडीकाठ: हो, टॅमसुलोसिन, रात्री जेवल्यावर. पण ती लघवीची, तिचा बीपीशी काय संबंध?

सडेवाला: सिम्पथेटिक नसांचा आवळायचा निरोप प्रोस्टेटला जातो तसाच रक्तवाहिन्यांनाही. गोळी तो प्रोस्टेटजवळ अडवते, थोडा रक्तवाहिन्यांतही. मनाने बंद करू नका. गाडी गोव्याला नको, हे आकडे आणि सगळ्या गोळ्या घेऊन त्याच डॉक्टरांकडे आजच जा. रात्री लघवीचं भांडं पलंगाशीच ठेवा.