मदत हवी आहे: तीन बाजूंना प्रेक्षक, मेलेल्या आजोबांना आत कसं न्यायचं?

आमची ४० मिनिटांची एकांकिका भरत नाट्य मंदिरसारख्या समोरून बघायच्या स्टेजसाठी बसवलेली, आता प्रयोग मिळालाय तो मुंबईच्या पृथ्वी थिएटरसारख्या जागेत, म्हणजे तीन बाजूंना प्रेक्षक, पडदा नाही, एन्ट्री मागूनच. फ्लॅट (सेटच्या उभ्या खोट्या भिंती) काढले, ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहणार, कसं फिरणार) तिरकं केलं, पाठ दिसायचा प्रॉब्लेम बराचसा मिटला. अडलंय एकाच ठिकाणी, आजोबा खुर्चीत मरतात आणि पुढच्या सीनला खुर्ची रिकामी हवी. ब्लॅकआउट (सगळे दिवे बंद) करून पाहिला पण पहिली रांग हातभर अंतरावर, आजोबा चक्क चालत जाताना दिसले आणि तालमीतच हशा. शेक्सपिअरच्या काळी पुढे पडदा नसायचा म्हणून पात्रंच प्रेत उचलून न्यायची हे माहितीये, पण आमच्याकडे उरतात आजी आणि शाळकरी नात! माणसं वाढवता येणार नाहीत, स्क्रिप्टही बदलायची नाहीये. मग उजेडातच, सगळ्यांदेखत आजोबांना उठवून न्यायचं तर लोक हसणार नाहीत असं कसं करायचं, कुणी केलंय का?