मदत हवी आहे: २ लिटरच्या पेट्रोल इंजिनला कोणता सुपरचार्जर लावू?

नमस्कार मंडळी. माझ्या गाडीचं इंजिन २ लिटरचं, ४ सिलिंडरचं, साधं पेट्रोल. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.५:१. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला पाय पूर्ण दाबला तरी ती नुसती घुरघुरते, जोर म्हणून येत नाही. टर्बो नको, बेल्टवर चालणारा सुपरचार्जरच (इंजिनात जादा हवा भरणारा पंप) बसवायचा असं ठरवलंय.

अडलंय ते निवडीवर: रूट्स, ट्विन-स्क्रू की सेंट्रिफ्यूगल, या प्रकारांपैकी कोणता? रूट्समध्ये हवा आत दाबली जात नाही, नुसती पुढे ढकलली जाते. दाब तयार होतो तो मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत. खालच्या आरपीएमलाच जोर मिळतो, पण बूस्ट (हवेचा जादा दाब) वाढवला की हवा फार तापते. ट्विन-स्क्रू हवा स्वतःच्या पोटातच दाबतो, त्यामुळे जास्त बूस्टला हवा त्या मानाने कमी तापते. सेंट्रिफ्यूगलचा बूस्ट मात्र साधारण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि माझं दुखणं तर खालीच आहे! म्हणून मन ट्विन-स्क्रूकडे झुकतंय.

६ पीएसआय बूस्टला, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) लावून, मूळचे पिस्टन टिकतील का? नॉकिंगचीच (मिश्रण आपोआप भडकून होणाऱ्या ठोक्यांची) खरी धास्ती आहे. तुम्हाला इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किती मागे घ्यावं लागलं? इंजेक्टर बदलावे लागले का? ज्यांनी स्वतः बसवलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.