विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास

प्रश्न: राजापूर तालुक्यातील आमच्या वाडीच्या विहिरीला मृगाच्या पावसानंतर पेट्रोलचा वास येऊ लागला आहे. वरच्या अंगाला इंधनाची जुनी भूमिगत टाकी आहे. पाणी उकळून प्यावे का, की विहीर उपसावी?

उत्तर १: कृपया ते पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, कारण पेट्रोलमधील बेंझिन हा विषारी घटक वाफेबरोबर घरातल्या हवेत मिसळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात बेंझिन लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, आणि एवढ्या प्रमाणाला वासही येत नाही. म्हणून शेजारच्या विहिरीही तपासा. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरा आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रारही करा.

उत्तर २: उपसा करू नये, असे मी कळकळीने सांगतो. पेट्रोल पाण्यावर तरंगते; पावसाळ्यात भूजलाची पातळी चढते आणि उन्हाळ्यात उतरते, तसे ते जांभ्याच्या भेगांत आणि छिद्रांत चिकटून राहते, व उपशाने उलट विहिरीकडेच ओढले जाते. शिवाय विहिरीत साठलेली वाफ पंपाच्या ठिणगीने पेटू शकते. आधी गळती थांबवावी, टाकी व विहीर यांच्यामध्ये निरीक्षण-विंधने (तपासणीसाठी खोदलेली अरुंद बोअर) घेऊन तरंगत्या थराची जाडी मोजावी, तो थर काढावा, आणि मगच निर्वात पंपाने मातीतील वाफ ओढणे किंवा भूजलात हवा सोडणे हे उपाय योजावेत. मोजणी मे आणि सप्टेंबर, दोन्ही महिन्यांत हवी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रहाट आजच बांधून ठेवतो.