आयबी इंग्लिश ए, एचएल: आयओसाठी 'थिंग्ज फॉल अपार्ट' भाषांतरित म्हणून चालेल का?

पुणे_अकरावी

आयबी डिप्लोमाचं पहिलं वर्ष, इंग्लिश ए लिटरेचर, हायर लेव्हल. आयओ (इंडिव्हिज्युअल ओरल, म्हणजे दोन पुस्तकांतल्या एकेका उताऱ्यावर बोलायची तोंडी परीक्षा) दोन महिन्यांवर आली आहे. आतापर्यंत वर्गात अचेबेंचं 'थिंग्ज फॉल अपार्ट', शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो', इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' आणि सत्रापींचं 'पर्सेपोलिस' शिकवून झालंय.

मी भाषांतरित साहित्य म्हणून 'थिंग्ज फॉल अपार्ट' आणि मूळ इंग्रजी म्हणून 'ऑथेल्लो' घ्यायचा विचार करतेय. ग्लोबल इश्यू, म्हणजे दोन्हींना जोडणारा विषय, 'पितृसत्ता'. अचेबेंच्या पुस्तकातून शेवटचं प्रकरण घ्यावं असं वाटतंय, कारण त्यात सगळं येतं. हे बरोबर आहे का? दुसरं म्हणजे, भाषांतरित पुस्तकाबद्दल बोलताना 'लेखकाची शब्दनिवड' असं म्हणता येतं का? शब्द तर अनुवादकाचे असतात. मला नॉर्वेजियन किंवा फ्रेंच येत नाही.

इंग्लिश_शिकवते

जोडी बदलावी लागेल. भाषांतरित म्हणजे लेखकाने मुळात दुसऱ्या भाषेत लिहिलेलं. लेखक कुठल्या देशाचा, याचा इथे संबंध नाही. १९५८ साली आलेली ही कादंबरी अचेबेंनी इंग्रजीतच लिहिली. म्हणजे तुझी दोन्ही पुस्तकं मूळ इंग्रजी झाली, आणि आयओला एक मूळ इंग्रजी व एक भाषांतरित असंच लागतं. असाच घोळ आपल्याकडे कोलटकरांच्या 'जेजुरी'बद्दलही होतो. कवी मराठी, देवस्थान मराठी, पण त्या कविता मूळ इंग्रजी आहेत. 'वर्ल्ड लिटरेचर' हा शब्द ऐकला की परदेशी सगळंच भाषांतरित वाटायला लागतं, तिथून ही चूक सुरू होते.

तुझ्या यादीत इब्सेन आणि सत्रापी हे दोन भाषांतरित आहेत. अचेबेंबरोबर इब्सेन घे.

'पितृसत्ता' हा ग्लोबल इश्यू नाही, ते एक मोठं क्षेत्र झालं. ग्लोबल इश्यूला तीन गोष्टी लागतात: व्याप्ती मोठी हवी, एकाहून अधिक देशांत तो दिसायला हवा, आणि रोजच्या जगण्यात त्याचा परिणाम जाणवायला हवा. पण या तिन्ही असूनही तो दहा मिनिटांत मावायला हवा. मी तुझ्या जागी असा मांडला असता: 'कमकुवत दिसण्याच्या धाकापोटी पुरुष जवळच्या माणसाचा बळी देतात.' यात कोण, कशामुळे आणि कोणाचं नुकसान, तिन्ही आलं. नुसती 'पितृसत्ता' म्हटलीस तर पुस्तकातलं काहीही त्यात बसतं, आणि मग निवडलेला उतारा तोच का, हे सांगता येत नाही.

शेवटचं प्रकरण घेऊ नकोस. तिथे घटना फार आहेत, त्या सांगण्यातच वेळ जाईल. शिवाय त्या प्रकरणाचा जोर वसाहतीच्या सत्तेवर आहे, तुझ्या मुद्द्यावर नाही. सातव्या प्रकरणात इकेमेफुनाला, म्हणजे नायक ओकोन्क्वोच्या घरी वाढलेल्या मुलाला, मारतात तो भाग बघ. उतारा ४० ओळींपेक्षा मोठा नको. चालता चालता तो मनात गाणं म्हणतो तिथून सुरुवात कर आणि ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये याच्या आत काहीतरी ताणलेल्या धनुष्यासारखं तुटतं तिथे थांब.

या ४० ओळींत लेखकाने काय काय केलंय ते पाहा. गाणं इग्बो भाषेतच (नायजेरियातल्या या लोकांच्या भाषेत) ठेवलंय, अर्थ दिलेला नाही. शेवटचं पाऊल उजवं पडलं तर आई जिवंत, डावं पडलं तर मेली, असा पोराचा खेळ चालू आहे, आणि डाव्याचा अर्थ तो लगेच 'मेली नाही, आजारी आहे' असा बदलतो. त्याच्या मनात आपण इतके आत असताना घाव पडतो. मडकं वाळूत पडून फुटतं. मग ओकोन्क्वो स्वतः त्याच्यावर वार का करतो, याचं कारण निवेदक एका छोट्या वाक्यात सांगतो: आपल्याला कोणी दुबळा म्हणेल ही भीती. स्पष्टीकरण नाही, पश्चात्ताप नाही. तिथून दृष्टिकोन थेट मुलाकडे, न्वोयेकडे सरकतो. इकेमेफुना, ओकोन्क्वो, न्वोये हा दृष्टिकोनाचा प्रवासच तुझं विश्लेषण आहे.

पूर्ण पुस्तकाशी जोडायला दोनच जागा पुरेत. दुसऱ्या प्रकरणात 'अग्बाला' हा शब्द येतो: बाई, आणि एकही मानाची पदवी न घेतलेला पुरुष, दोघांनाही तोच शब्द. आणि सातव्यातच म्हातारा एझेउडू ओकोन्क्वोला बजावतो की तो मुलगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मरणात तुझा हात नको. म्हणजे समाजाने त्याच्यावर ही सक्ती केलेली नव्हती. हा मुद्दा बहुतेक जण सोडतात आणि 'इग्बो समाजात असंच होतं' असं बोलून जातात. तो अर्थ चुकीचा आहे आणि ए निकषात (पुस्तकाची समज आणि अर्थ लावणं) गुण जातात. तसंच 'आफ्रिकन संस्कृती' म्हणू नकोस, इग्बो म्हण.

रंगसूचना

वरच्या उत्तरातली जोडी चांगली आहे. इब्सेनचा उतारा तिसऱ्या अंकातून घे: मोलकरीण नोराच्या नावाचं दुसरं पत्र आणते (पहिल्या पत्रात नोराने कर्जासाठी केलेली खोटी सही उघड झालेली असते), तिचा नवरा टोरवाल्ड ते स्वतःच फोडतो आणि ओरडतो की मी वाचलो. नोरा विचारते, आणि मी? तेव्हा कुठे तो म्हणतो, तूसुद्धा, अर्थातच. पुढे तो कागद शेगडीत जाळतो आणि तुला माफ केलं म्हणून सांगतो. साधारण तिथपर्यंत. आणि उताऱ्याबाहेरून एक जागा जोड: पहिलं पत्र वाचण्याच्या थोडंच आधी हाच माणूस म्हणतो की तुझ्यावर संकट यावं आणि मी तुझ्यासाठी जीव धोक्यात घालावा असं मला कितीदा वाटतं.

आता अनुवादाचा प्रश्न, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. भाषांतरित पुस्तकात एकेका इंग्रजी शब्दाच्या छटेवर मुद्दा उभा केलास तर तो अनुवादकाचा निर्णय असू शकतो. या नाटकाच्या शेवटच्या भागात नोरा ज्याची वाट पाहत होती त्या गोष्टीला विल्यम आर्चरच्या अनुवादात 'मिरॅकल' म्हटलंय, तर शार्पच्या अनुवादात 'वंडरफुल थिंग'. मूळ शब्द आहे 'विदुन्दर्लिगे', अद्भुत असं काहीतरी. 'मिरॅकल' शब्दावरून धार्मिक अर्थ काढून दोन मिनिटं बोललीस आणि परीक्षकाच्या हातात दुसरा अनुवाद असला, तर मुद्दा लटका पडतो.

कामूच्या 'लेत्रांजे' या फ्रेंच कादंबरीचं पहिलं वाक्य, 'आज आई वारली', हे याचं नेहमीचं उदाहरण. १९४६ च्या स्टुअर्ट गिल्बर्टच्या अनुवादात 'मदर' आहे, १९८८ च्या मॅथ्यू वॉर्डच्या अनुवादात फ्रेंच 'मामाँ' तसंच ठेवलंय. एका शब्दाने नायक कोरडा की लाघवी हे बदलतं. मराठीत आपण सरळ 'आई' म्हणू आणि तो प्रश्नच उरणार नाही.

मग कशावर बोलायचं? जे कुठल्याही अनुवादात टिकतं त्यावर. टोरवाल्डचं 'मी' आधी आणि 'तू' नंतर, तेही विचारल्यावर, हा क्रम कुठल्याही भाषेत तोच राहतो. कोण किती बोलतं ते मोज: या भागात टोरवाल्डचे संवाद लांबलचक आणि नोराचे जेमतेम चार-दोन शब्दांचे आहेत. मग ती त्याला टेबलापाशी समोर बसवते आणि हे प्रमाण उलटायला लागतं. रंगसूचना, पत्राचा आणि आगीचा वापर, शेवटचा खाली दार बंद झाल्याचा आवाज: ही सगळी इब्सेनची निवड आहे, बिनधास्त 'इब्सेनने' म्हणून बोल. एखाद्या शब्दावर बोलायचंच असेल तर अनुवादकाचं नाव घेऊन 'या अनुवादात' म्हण.

एक जागा मात्र मराठी वाचकाला आयती सापडते. दुसऱ्या अंकात टोरवाल्ड क्रोगस्टाडला (बँकेतला हाताखालचा माणूस, पत्रं लिहिणारा तोच) नोकरीवरून का काढतोय याचं खरं कारण सांगतो: तो जुना मित्र चारचौघांत सलगी दाखवतो. मूळ नॉर्वेजियनमध्ये ते दोघे एकमेकांना 'दु' म्हणतात, म्हणजे अरे-तुरे करतात. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेदच उरलेला नाही, त्यामुळे अनुवादात कुठे पहिल्या नावाने हाक मारणं येतं, कुठे नुसती घसट. इंग्रजीत वाचताना कारण पोरकट वाटतं. पण बँकेच्या होणाऱ्या मॅनेजरला कारकुनाने लोकांसमोर अरे-तुरे करावं, ही काय बोच आहे ते आपल्याला समजावून द्यावं लागत नाही. तुझ्या मुद्द्याला ही जागा नेमकी लागू पडते: प्रतिष्ठेच्या धाकापोटी माणसाच्या पोटावर पाय देणं. तीस सेकंदांत सांग, त्याहून लांबवू नकोस.

इंग्लिश_शिकवते

अरे-तुरेची जागा उत्तम. एक सावधगिरी: 'आमच्या मराठीतही असंच असतं' असं आयओत म्हणू नकोस. ती समज मुद्दा शोधायला वापर, बोलताना पुस्तकात राहा. अचेबेंच्या म्हणींबद्दलही हेच. आपल्याला त्या ओळखीच्या वाटतात, पण तुलना आपल्या आजीशी नाही, दुसऱ्या उताऱ्याशी करायची आहे.

पुणे_अकरावी

खूप आभार दोघांचेही. जोडी बदलतेय. वेळेची विभागणी कशी करू? आणि आउटलाइनमध्ये काय लिहायचं?

दहा_मुद्दे

दहा मिनिटं तुझी, नंतर पाच मिनिटं शिक्षकांचे प्रश्न. प्रस्तावना एक मिनिट, प्रत्येक पुस्तकाला सव्वाचार मिनिटं, उरलेलं अर्धं मिनिट शेवटाला. सव्वाचारातली अडीच उताऱ्याला, पावणेदोन उरलेल्या पुस्तकाला. हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्या पुस्तकावर सहा मिनिटं जातात आणि दुसरं घाईत उरकलं जातं. सी निकष तोल बघतो, तिथे लगेच फटका बसतो. फोनवर रेकॉर्ड करून सव्वापाच मिनिटांनी कुठे आहेस ते पाहा. दुसऱ्या पुस्तकाचं पहिलं वाक्य तोपर्यंत यायलाच हवं.

मिनिटाला १३० शब्दांच्या आसपास बोललीस तर दहा मिनिटांत १३०० शब्द होतात. पण तेवढे लिहून पाठ करू नकोस. पाठ केलेलं लगेच कळतं, आणि मधलं एक वाक्य निसटलं की सगळी साखळी तुटते.

आउटलाइनमध्ये (बोलताना सोबत ठेवता येणारा टिपणांचा कागद) जास्तीत जास्त दहा मुद्दे. उताऱ्याच्या प्रती कोऱ्या हव्यात, त्यांवर पेन्सिलची खूणही नको. म्हणून आउटलाइनचा प्रत्येक मुद्दा उताऱ्यातल्या जागेकडे बोट दाखवणारा कर: 'मडकं, मग छोटं वाक्य, मग न्वोये'. 'अचेबेंची शैली' असं लिहिलंस तर ऐन वेळी त्याचा काही उपयोग नाही.

लेखकाचं चरित्र प्रस्तावनेत नको. नाव, साल, अनुवादक, ग्लोबल इश्यू, दोन उतारे कुठले, बस. एक मिनिट त्यातच जातं.

आणि हे आत्ताच ठरव: आयओला वापरलेली पुस्तकं पेपर टूला (लेखी तुलनेचा पेपर) किंवा एचएल एसेला (एका पुस्तकावरचा निबंध) पुन्हा वापरता येत नाहीत. एचएलला एकूण १३ पुस्तकं असतात. त्यातली दोन इथे गेली, एक एसेला जाईल. पेपर टूसाठी तीन पुस्तकं राखून ठेव, दोन नाही, कारण चार प्रश्नांपैकी एकाला दोन पुस्तकांची तुलना करून उत्तर द्यायचं असतं आणि ठरवलेली जोडी कधीकधी एकाही प्रश्नात बसत नाही. तिथे पुस्तक जवळ नसतं, अवतरणं डोक्यात हवीत. 'ऑथेल्लो' पेपर टूसाठी ठेव: छोट्या ओळी, पाठ व्हायला सोप्या. 'पर्सेपोलिस' एसेला बरं पडतं. चित्रांच्या चौकटींवर १२०० ते १५०० शब्द सहज निघतात आणि चित्र अनुवादात बदलत नाही. पहिल्याच पानावर वर्गाच्या फोटोत मार्जी चौकटीच्या कडेला अर्धी कापली गेलीये, तेवढ्यावरच दोन परिच्छेद होतील.

पुणे_अकरावी

आउटलाइनचे पहिले पाच मुद्दे असे केलेत, बघाल का?

१. इश्यू: दुबळं दिसण्याची भीती, जवळच्याचा बळी
२. गाणं, उजवं-डावं पाऊल
३. मडकं, छोटं वाक्य, न्वोये
४. अग्बाला, एझेउडूचा इशारा
५. इग्बो समाजातील पुरुषत्व आणि ब्रिटिशांचं आगमन

इंग्लिश_शिकवते

पहिले चार छान. पाचवा काढ, उताऱ्याशी त्याचा धागा नाही आणि ब्रिटिशांपर्यंत पोचलीस की इब्सेनचा वेळ खाशील. त्याजागी आठव्या प्रकरणातला ओकोन्क्वोचा मित्र ओबिएरिका घे. तो म्हणतो, दैवताने माझ्या मुलाला मारायचा कौल दिला असता तर मी वाद घातला नसता, पण मारणाऱ्यांत मी नसतो. तोच समाज, तोच मान, तरी निर्णय वेगळा. आणि तिथून टोरवाल्डकडे सरळ जाता येतं: त्यालाही कोणी भाग पाडलं नव्हतं.