वैजनाथ नावाच्यांनो, इथं या

आमच्या घरात आजोबा वैजनाथ, चुलतभाऊ वैजनाथ, आणि भावकीत तर मोजायची सोयच नाही. मूळ वैद्यनाथ, म्हणजे वैद्यांचा नाथ. ‘अद्य’चं आज झालं, ‘विद्युत्’ची वीज झाली, तसाच वैद्यचा वैज. तुमचं नाव कसं पडलं आणि त्यापायी काय काय भोगलं, ते लिहा.

परळी : माझं पाळण्यातलं नाव दुसरंच. मुडदूस झाला म्हणून आजीनं बदललं. देवच वैद्य, लेकरू त्याच्या नावावर केलं की पुढचं तो बघून घेईल, हा तिचा हिशोब. इथं लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. माझा हात तिथं टेकवून तिनं नाव सांगितलं म्हणे. बरा झालो ते डॉक्टरच्या औषधानं, असं वडील सांगायचे. आजी घरात नसताना.

लातूर : नाव वैजनाथ आणि सासुरवाडी अंबाजोगाई! योगेश्वरी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला निघाली, वाटेत मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी अंबाजोगाईतच राहिली, अशी तिकडची कथा. तिथल्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले म्हणतात. आमच्या लग्नात मेव्हण्यांनी सकाळपासून एकच धोशा लावला, “दाजी, तुम्ही तरी वेळेवर या.” अहो, उशीर नवरीकडून झाला होता!

बीड, सध्या झारखंड : देवघरलाही वैद्यनाथाचं देऊळ आहे. तिथं गेलो तर प्रत्येक दुसरा माणूस बैजनाथ नाहीतर बैजू. खरं ज्योतिर्लिंग आमचंच, म्हणाले. मी बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातलं ‘परल्यां वैद्यनाथं च’, म्हणजे परळीतला वैद्यनाथ, म्हणून दाखवलं. त्यांच्या पाठात ‘वैद्यनाथं चिताभूमौ’. वाद मिटला नाही, पण पेढे मिळाले.

परभणी : वडील आधारवर वैजनाथ, सातबाऱ्यावर वैजिनाथ, बँकेत वैजेनाथ. त्याच्या आधीचे निजामाच्या काळातले कागद उर्दूत, ते वाचणारा माणूस शोधावा लागला. वारसनोंदीला तिन्ही नावं एकाच माणसाची, असं शपथपत्र करून दिलं तेव्हा कुठं फाईल हलली. हा ताप नको म्हणून मुलाचं नाव अथर्व ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर ‘अर्थव’ आलंय.