मदत हवी आहे: 30 किलोचे गुळाचे रवे (ढेपा) उचलताना कंबर कशी सांभाळायची?

लक्ष्मीपुरी_गूळ: सीझनला दुकानात रोज साठ-सत्तर रवे उतरतात, जमिनीवर थप्पी लागते, मग गिऱ्हाइकाच्या टेम्पोत चढतात. दोन गडी आहेत. दुपारनंतर दोघांचीही कंबर धरते, एकाची तर डावीकडेच. सगळे म्हणतात गुडघ्यातून वाका. पण रवा निमुळता, धरायला कडी नाही. नेमकं कसं उचलायचं? कंबरपट्टा घेऊ का?

मणका_आणि_माणूस: पट्ट्यावर पैसे घालू नका. तो बांधला की जास्त वजन झेपेल असं वाटतं, आणि इजा टाळण्यात त्याचा ठोस उपयोग दिसलेला नाही. खरा मुद्दा अंतराचा आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या गादीपासून जेमतेम 5 सेंमीवर असतात. 30 किलो 50 सेंमी लांब धरले की त्यांना सुमारे 300 किलोंची ओढ लावावी लागते, धडाचं वजन वेगळंच. 25 सेंमीवर आणलं की ती निम्मी. नायॉश या कामगार-सुरक्षेच्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात तर सगळं सोयीचं असतानाही एका माणसाला 23 किलोच धरलेत. तुमचा रवा आधीच त्यापलीकडे आहे.

म्हणून थप्पी जमिनीवर लावूच नका. फळ्या किंवा लाकडी पॅलेट रचून खालचा थर गुडघ्याच्या वर आणा. वरचा थर छातीपलीकडे नको. निम्मा त्रास इथंच संपेल.

तालीम_कोपरा: जमिनीवरचा रवा असा उचला. एक गुडघा पोत्यावर टेकवा, दुसरा पाय रव्याच्या कडेला पूर्ण तळवा टेकून. दोन्ही हात बुडाखाली सरकवून रवा आधी मांडीवर ओढा. मग छातीला चिकटवा, नजर समोर, आणि पायांनी उठा. मांडीवर न घेता सरळ उठला की पाठ गोल होते, तिथंच चमक भरते.

डाव्या कुशीचं दुखणं बहुतेक पिळ्यामुळे. गडी पाय रोवून कंबरेतून टेम्पोकडे वळत असणार. पाऊल टाकून वळायला सांगा. थप्पी आणि टेम्पोमध्ये दोन पावलांची जागा ठेवली की आपोआप पाऊल पडतं. अगदी जवळ लावली की माणूस पिळतोच.

लक्ष्मीपुरी_गूळ: बरोबर, थप्पी अगदी चिकटून आहे. आणि सकाळी पहिलाच टेम्पो जड जातो.

मणका_आणि_माणूस: रात्रभर मणक्यांमधली गादी पाणी शोषून फुगते, त्यामुळं उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकणं टाळावं. तोवर झाडलोट-मोजणी करून घ्या, मग पहिला टेम्पो दोघांनी मिळून भरा. झाडताना लांब दांड्याचा झाडू द्या.

एक मात्र दुर्लक्षू नका: पायात जोर नसणं, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या दवाखान्यात न्या, मालिश करत बसू नका.

तालीम_कोपरा: टेम्पोत टाकताना रवा फेकायचा नाही. आधी हौद्याच्या कडेवर टेकवा, हात मोकळे करा, मग दोन्ही तळव्यांनी आत ढकला.